हात कुणावर उठतो

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या मुख्य चौकातून कुठल्याही दिशेला थोडं चाललं की दोन तऱ्हेची घरं दिसतात. फुलेनगर, शांतीनगरच्या गल्ल्यांत एकाला एक लागून खोल्या आहेत. मधली भिंत दोघांची, वर पत्रा. टिंगरेनगर आणि धानोरीकडे सोसायट्या वाढत गेल्या आहेत. गेटवर वॉचमन, लिफ्टमध्ये कॅमेरा. पत्र्याखाली रात्री अकराला कुणी ताट भिरकावलं तर ते गल्लीभर ऐकू येतं. आठव्या मजल्यावर तेच ताट भिरकावलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना कामाच्या मावशींना कपाटाखाली भाताची शितं सापडतात. मावशी ती पुसून घेतात. त्यांना पुढच्या महिन्याचा पगार हवा असतो.

कौटुंबिक हिंसेचा विषय निघाला की बोट पहिल्या वस्तीकडे जातं, कारण आवाज तिथून येतो. दारू, गरिबी, शिक्षणाचा अभाव, जागेची अडचण ही चार कारणं चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. ती खोटी नाहीत. आकडेवारीत चारही दिसतात. प्रश्न असा आहे की या गोष्टी हिंसा घडवतात, की आधीच असलेल्या एखाद्या गोष्टीला धार लावतात? हा काथ्याकूट वाटेल, पण यावरूनच सरकारचा पैसा, पोलिसांचा वेळ आणि शेजाऱ्यांचं धाडस कुठं खर्च व्हायचं ते ठरतं.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होतं. आधीच्या फेरीत देशाचा आकडा ३१.२ होता, म्हणजे तो थोडा उतरला. महाराष्ट्राचा मात्र २१.३ वरून चढला. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. बायका आता सांगायला लागल्या म्हणून आकडा वाढला, असं काहीजण म्हणतात. कार्यकर्त्यांचा कल साधारण इकडे असतो. प्रत्यक्ष मारहाणच वाढली, असं दुसरे म्हणतात. मला पहिल्या म्हणण्यात तथ्य दिसतं, पण त्यावर निर्धास्त होणं परवडणारं नाही. त्याच पाहणीत देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. घरी आलेल्या अनोळखी प्रगणक बाईला सांगता येतं, सख्ख्या भावाला सांगता येत नाही, अशी ही गोष्ट आहे.

दारूकडे सविस्तर पाहायला हवं, कारण तिच्यावर सगळ्यांचं एकमत आहे आणि एकमत झालं की विचार थांबतो. याच पाहणीत ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन झिंगतात, अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांचे नवरे पीत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के होतं. तिपटीचा फरक आहे. एवढा ठळक फरक दुसऱ्या फारच थोड्या घटकांत दिसतो. दारू ताबा सोडवते, साध्या शब्दाचाही अपमान वाटायला लावते, मार जास्त जोरात बसतो, आणि पगाराचा पैसा घरी येण्याआधीच संपलेला असल्यामुळे भांडणाचा विषय तयारच असतो. ‘पिऊन आला की मारतो, एरवी देवमाणूस,’ हे वाक्य जिने उच्चारलं तिला खोटं ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण तो २३ चा आकडाही नीट पाहायला हवा. थेंबालाही न शिवणाऱ्या नवऱ्यांच्या घरात जवळजवळ चारातली एक बाई मार खाते. शिवाय पिणाऱ्याचा तोल गेला असला तरी नेम चुकत नाही. आळंदी रस्त्यावर नाकाबंदीला उभ्या असलेल्या हवालदारावर तो हात उचलत नाही. कारखान्यातल्या सुपरवायझरला तो उलट बोलत नाही. ज्याच्याकडून उसने घेतलेत त्याच्यासमोर तो चढलेली असतानाही हात जोडतो. घराची कडी वाजते आणि मग सगळं सुटतं. म्हणजे हात केव्हा उठणार हे दारू बऱ्याच अंशी ठरवते, पण कुणावर उठणार हे ती ठरवत नाही. ते आधीच ठरलेलं असतं.

याच आळंदी रस्त्यावरून दरवर्षी ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्यात येते. इथल्या अनेक घरांत माळ घातलेले लोक आहेत, आणि माळेमुळे दारू सुटून घराला खरोखर बरे दिवस आल्याची उदाहरणं या भागात सांगितली जातात. पण ‘दारू सुटली, हात काही सुटला नाही’ असंही कानावर येतं. दोन्ही खरं असू शकतं, आणि धोरण ठरवताना दोन्ही धरून चालावं लागतं.

मग दारूबंदी हवी का? महाराष्ट्राकडे याचा अनुभव आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती बायकांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये आली आणि अवैध विक्री, गुन्हेगारी आणि बुडालेला महसूल ही कारणं देऊन २०२१ मध्ये सरकारनं उठवली. बंदी असताना दारू चोरून मिळते हे खरं. चोरून आणि महाग मिळते म्हणून रोज पिणं कमी होतं हेही नाकारता येत नाही. शहरात जिल्हाबंदीचा विचार फोल आहे. त्यापेक्षा ‘आडवी बाटली’चा मार्ग मला जास्त उपयोगाचा वाटतो. गावातल्या किंवा प्रभागातल्या बायकांनी मागणी करायची, मतदान घ्यायचं आणि निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. दुकान बंद झाल्यानं पिणारा दुसऱ्या चौकात जाईल, हा आक्षेप बरोबर आहे. पण त्या मतदानासाठी दारोदार फिरताना पन्नास बायका एकमेकींच्या घरातलं ऐकतात, आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरात आरडाओरडा झाला की कुणाला हाक मारायची हे त्यांना माहीत असतं. मला तरी बंद दुकानापेक्षा हा फायदा मोठा दिसतो.

आता गरिबी. पाहणीनुसार सर्वांत गरीब थरातल्या बायकांमध्ये मारहाणीचं प्रमाण सर्वांत श्रीमंत थराच्या दुपटीहून जास्त आहे. वरच्या थरातल्या बायका लपवतात, ही गोष्ट हिशेबात धरली तरी एवढा फरक निव्वळ लपवण्यातून येणार नाही. भाडं थकलंय, पोराची फी राहिलीय, आजारी सासू त्याच खोलीत झोपलीय, अशा घरात चिडचिड जास्त असणार. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे येणाऱ्या तक्रारी वाढल्या. पुणे जिल्हा परिषदेनं तर ग्रामीण भागासाठी जाहीर केलं, की बायकोला मारणाऱ्याला उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवू. तेव्हा त्या घोषणेची थट्टा झाली. पण घरातून बाहेर कुणी जायचं, मारणाऱ्यानं की मार खाणारीनं, हा प्रश्न त्या घोषणेनं जितक्या सरळपणे सोडवला तितका एरवी क्वचितच सोडवला जातो.

आणि पैसा असला की माणूस हात आवरतो, हे तर पुण्याच्या आसपास कुणी म्हणू नये. मे २०२५ मध्ये मुळशीतल्या भुकूमला एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. घर सुखवस्तू, सासरा राजकीय पक्षाचा पदाधिकारी, लग्नात पन्नासवर तोळे सोनं आणि महागडी गाडी दिल्याचं माहेरच्यांचं म्हणणं. हुंड्यासाठी छळ झाल्याचा त्यांचा आरोप आहे आणि त्याचा निकाल न्यायालय देईल. आपण एवढंच लक्षात घ्यायचं, की हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, आणि साठ वर्षांनंतरही लग्नातल्या गाडीचा फोटो लोक स्टेटसला लावतात. त्याही आधी, १९८२ मध्ये, पुण्यातल्याच एका सुशिक्षित, सधन घरातल्या मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूनं शहर ढवळून निघालं होतं. खालच्या दोन न्यायालयांनी पतीला दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये पुराव्याअभावी सोडलं. त्या अस्वस्थतेतून विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. तेव्हा धक्का याचाच बसला होता, की आपल्यासारख्या घरात असं होतं.

गरिबीपेक्षा जास्त सांगणारी गोष्ट म्हणजे कमाईतला बदल. बेंगळुरूच्या वस्त्यांमध्ये तरुण विवाहित स्त्रियांचा काही काळ मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कामाला न जाणारी बाई कामाला लागली, तेव्हा तिच्यावर हिंसा होण्याची शक्यता ८० टक्क्यांनी वाढलेली आढळली. नवऱ्याचं बरं चाललेलं काम अडचणीत आलं, तेव्हाही शक्यता अशीच वाढली. दोन्ही ठिकाणी पैशाची एकूण आवक वेगवेगळ्या दिशेनं गेली आहे. समान आहे ती एकच गोष्ट: घरातलं आपलं स्थान घसरतंय, असं पुरुषाला वाटणं. भोसरीच्या कंपनीतून कमी केलेला माणूस आणि पार्लरमध्ये नुकतीच लागलेली बायको एकाच घरात असतील, तर त्या घराकडे जास्त लक्ष द्यायला हवं, असं हा अभ्यास सुचवतो.

मग बायकांनी कमवायला लागू नये का? असा निष्कर्ष काढणारे आहेत, आणि तो चुकीचा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये आला. ज्या स्त्रियांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींना शारीरिक मारहाणीचा अनुभव होता. नावावर जमीन असलेल्यांत १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के, दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. पगार आणि मालकी यांच्यात फरक आहे. पगार नवरा काढून घेऊ शकतो, एटीएमचं कार्ड त्याच्या खिशात राहू शकतं. घर तिच्या नावावर असलं की ‘चल निघ माझ्या घरातून’ हे वाक्यच म्हणता येत नाही. मुख्य म्हणजे ते दोघांनाही माहीत असतं, त्यामुळे बऱ्याचदा ती वेळच येत नाही. नावावर घर असलेल्या बायकांचं माहेर आधीच भक्कम असेल, म्हणून त्यांना मार कमी पडत असेल, ही शंका रास्त आहे. अभ्यासकांनी इतर घटक वेगळे काढूनही फरक टिकला, म्हणून मी त्यावर भर देतो.

हे महाराष्ट्राला नवीन नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली ती याच मुद्द्यावर: शेतकऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा देणारी दुरुस्ती राज्यानं १९९४ मध्ये केली, देशानं २००५ मध्ये. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. धानोरीच्या नव्या इमारतींत या सवलतीमुळे काही फ्लॅट बायकांच्या नावावर झाले असतील. कागदावरच्या मालकीणबाईंना कागद कुठल्या कपाटात आहे हे माहीत असतं का, हा वेगळा प्रश्न. ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांबद्दल मत बनवायची घाई मी करणार नाही. इतर देशांतल्या अशा योजनांचे अभ्यास बहुतेक करून हिंसा घटल्याचं सांगतात, पण पैसा बाईच्या हातात खरंच राहतो का, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

लहानपणी घरात मारहाण पाहिलेली मुलं पुढं मारतात किंवा मार सोसतात, हा घटक जगभरच्या अभ्यासांत दिसतो आणि आपल्या पाहणीतही दिसतो. त्यावर फार लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही, एक सोडून: अशा घरातून आलेली बरीच मुलं मोठेपणी हात उचलत नाहीत. ‘बापाचं पाहून शिकला’ हे कारण म्हणून ठीक, सबब म्हणून नाही.

या सगळ्या घटकांच्या खाली एक जमीन आहे. पाचव्या पाहणीत सात प्रसंग देऊन विचारलं होतं, की यात नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का. न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, जेवण नीट केलं नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, वगैरे. निदान एका प्रसंगात योग्य आहे, असं ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा तसूभर जास्तच आहे. ‘तोंड चालवते म्हणून खाते’ हे वाक्य बहुतेक वेळा सासू, जाऊ किंवा शेजारीणच म्हणते. म्हणून हिंसा करणारा पुरुषच असतो असं धरून चालत नाही. हिरल हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, आणि सासू-नणंदेविरुद्धही थेट दाद मागायला वाट झाली.

म्हाताऱ्या आईबापांच्या बाबतीत गणित उलटं होतं. बायकोच्या बाबतीत जोखीम वाढते ती सोसणाऱ्याच्या परावलंबनामुळे. वृद्धांच्या बाबतीत अनेकदा मारणाराच परावलंबी असतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून किंवा दिघीच्या लष्करी संस्थेतून निवृत्त झालेल्या माणसाचं पेन्शन चालू आहे, घर त्याच्या नावावर आहे, आणि चाळिशीतला मुलगा कामधंद्याविना त्याच घरात आहे. सहीसाठी तगादा, मग ढकलाढकली. इथं मालमत्ता ढाल न राहता भांडणाचं मूळ होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात एक चांगली तरतूद आहे: सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते रद्द करून घेता येतं. मात्र ही अट बक्षीसपत्रात लिहिलेली असली तर बरं. निबंधकाच्या कार्यालयाबाहेर दस्त टाइप करून घेताना ही एक ओळ घालायला सांगावी, एवढा सल्ला इथं देऊन ठेवतो.

दुसऱ्या बाजूचंही वजन करायला हवं. विवाहितेच्या छळाबद्दलचं कलम ४९८अ १९८३ मध्ये आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं आहे. त्याखाली म्हाताऱ्या सासूला, परगावच्या नणंदेलाही गोवलं जातं, ही तक्रार बिनबुडाची नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सरसकट अटकेला लगाम घातला, आणि तो योग्यच होता. पण त्या निकालाचा पोलीस ठाण्यातला अर्थ हळूहळू ‘घरगुती मामला, सबुरीनं घ्या’ असा झाला, हे नुकसान आहे. फौजदारी कलमाच्या गैरवापरावर २००५ चा दिवाणी वळणाचा घरगुती हिंसाचाराचा कायदा हा चांगला तोडगा होता. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात तुरुंगापेक्षा संरक्षणाचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे यावर भर आहे. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. शिवाजीनगर कोर्टात तारखेला जाणाऱ्या बाईला साठ दिवस म्हणजे काय ते विचारा. विश्रांतवाडीहून पीएमपीनं जायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची, वकील आलेले नाहीत म्हणून पुढची तारीख घ्यायची. धुणीभांडी करणारीनं अशा किती सुट्ट्या घेतल्या की कामं सुटतात, हे कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

आता मूळ मुद्दा. आतापर्यंतचे घटक कुठल्या घरात हिंसा होण्याची शक्यता जास्त, ते सांगतात. पोलिसांना आणि डॉक्टरांना त्याहून वेगळं काही लागतं: जिथं हिंसा होतेच आहे, तिथं जीव जाण्याचा धोका कधी वाढतो. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेनं १९८० च्या दशकात यासाठी प्रश्नावली बनवली, आणि पुढच्या संशोधनात तिच्यातले बरेच प्रश्न टिकले. त्यातले काही आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतात. त्यानं कधी गळा दाबला का? जीव घेण्याची धमकी दिली का? सतत संशय घेतो का, मोबाइल तपासतो का, कुठं गेलीस याचा हिशेब मागतो का? गरोदर असताना मारलं का? मार आताशा वाढलाय का? आणि ती नुकतीच घर सोडून निघाली आहे का, किंवा निघायच्या बेतात आहे का?

यातला शेवटचा प्रश्न आपल्या समजुतीच्या अगदी उलट जातो. ‘एवढा मारतो तर सोडून का देत नाही?’ असं विचारणाऱ्याला माहीत नसतं, की सोडून निघण्याचे दिवस हेच सर्वांत धोक्याचे असतात. ताबा सुटतोय हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं. बाई माहेरी गेली, दोन दिवसांनी तो ‘चुकलं माझं’ म्हणत आला, नातेवाइकांनी समजूत घालून परत पाठवली: या क्रमात तिच्या जिवाला सर्वांत जास्त धोका कुठल्या टप्प्यावर होता, ते समेट घडवणाऱ्यांपैकी कुणीच विचारलेलं नसतं.

आणि गळा. पोलीस ठाण्यात बाई येते, गळ्यावर फारसा वळ दिसत नाही, ओढणी असते. गळा दाबला तरी बऱ्याचदा बाहेरून खूण उमटत नाही. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके असतात. ठाणे अंमलदार हाडमोड नाही, टाके नाहीत हे पाहून अदखलपात्र नोंद करतो, एनसीचा कागद हातात देतो, नवऱ्याला फोन करून दम भरतो. हाताला प्लास्टर असतं तर गुन्हा दाखल झाला असता. धोक्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मोडलेल्या हातापेक्षा दाबलेला गळा जास्त गंभीर आहे, पण आपली नोंदवही हाडं मोजते.

म्हणून समुपदेशन की गुन्हा, या जुन्या वादात सरसकट बाजू घेता येत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष नंतर राज्य सरकारनं स्वीकारला आणि पसरवला. अशाच कामासाठी पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे. नारी समता मंचानं पुरुषांशी बोलणारं पुरुष संवाद केंद्र चालवलं. बऱ्याच बायकांना तुरुंग नको असतो, मार थांबायला हवा असतो, आणि अशा घरांत समुपदेशनानं खरोखर फरक पडतो. पण समेटाची बैठक बोलावण्याआधी वरचे पाच-सहा प्रश्न विचारलेच पाहिजेत, तेही तिला एकटीला, नवरा आणि सासू बाहेर बसलेले असताना. गळा, धमकी किंवा वाढता मार यातलं काही असेल, तर समेट नाही. आधी गुन्हा, तपासणी आणि त्या रात्रीपुरती सुरक्षित जागा. बाकीच्या घरांत बोलणं करायला हरकत नाही.

हे प्रश्न विचारायला दोन माणसं ठाण्याआधी पोचतात. एक आशाताई. ती वस्तीत घरोघर जाते, गरोदर बाईचं वजन, लस, गोळ्या विचारते, आणि ‘जिन्यावरून पडले’ हे उत्तर तिनं अनेकदा ऐकलेलं असतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्थेनं पालिकेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते २००० च्या सुमारास, याच विचारातून: मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी औषधपाण्याला येते. दुसरी व्यक्ती सोसायटीतला वॉचमन. आठव्या मजल्यावर कोण किती वाजता रडत जिन्यानं खाली आलं, लिफ्ट असताना जिन्यानं का आलं, हे त्याला माहीत असतं. त्याच्या हातात पार्किंगच्या नियमांचा कागद असतो, ११२ आणि १८१ हे क्रमांक नसतात. ते कागदावर छापायला सोसायटीला सर्वसाधारण सभा घ्यावी लागणार नाही.

आशाताईवर आधीच कामाचं ओझं आहे, तिला आणखी एक रजिस्टर देऊ नये, हा आक्षेप मला मान्य आहे. तिनं बाईला समोरासमोर विचारलं आणि वस्तीत बोभाटा झाला तर तिच्याच दारावर दगड येईल, हेही खरं. मग तिच्यामागे कुणीतरी असायला हवं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातला संरक्षण अधिकारी त्यासाठीच आहे. बऱ्याच ठिकाणी या अधिकाऱ्याकडे आधीचं दुसरं काम असतं आणि हे जोडीला दिलेलं असतं. प्रत्येक पोलीस ठाण्यामागे एक पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, त्याच्या नावाची पाटी ठाण्याच्या दारात आणि आरोग्य केंद्रात, आणि आशाताईनं फोन केला की तो उचलणारा माणूस, एवढी मागणी विश्रांतवाडीच्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे करता येईल. चौकातल्या उड्डाणपुलासाठी गेली कित्येक वर्षं जितक्या निवेदनांचे गठ्ठे गेले, त्यातले दोन-चार याही कामासाठी जायला हरकत नाही.